कळवणची बाई

इंटरनेटवर माझ्याबद्दल एकच ओळ आहे, आणि ती तिच्या पानावर आहे. जन्म, शिक्षण, नाटकं, मालिका, पुरस्कार अशी लांबलचक यादी संपली की खाली 'वैयक्तिक आयुष्य' म्हणून एक छोटा परिच्छेद येतो. त्यात लिहिलंय की तिचं लग्न नाशिकच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याशी झालं होतं आणि सहा वर्षांनी दोघं वेगळे झाले. द्राक्षाचा व्यापार मी कधी केला नाही. सातपूरला माझा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे. द्राक्षं त्या खोक्यांतून परदेशी जातात, एवढाच काय तो माझा द्राक्षांशी संबंध. ती ओळ कोणालाही दुरुस्त करता येते, असं मला एकानं सांगितलं होतं. मी नाही केली. दुरुस्त करून तरी काय लिहायचं?

कारखान्यात नवीन माणूस लागला की आठ-पंधरा दिवसांत त्याला कुठूनतरी कळतंच. त्याला कळलंय हे मलाही कळतं. आधी तो मालकाकडे बघतात तसं बघत असतो, मग एक दिवस एकदम माझा चेहरा निरखायला लागतो. तिनं याच्यात काय पाहिलं असेल, असं काहीतरी त्याच्या मनात चाललेलं असतं. मला राग येत नाही. तो प्रश्न मलाही पडलेला आहे.

आमची भेट पुठ्ठ्यामुळेच झाली. तिच्या नाटकाचा नाशिकला प्रयोग होता आणि नेपथ्याचा टेम्पो कसारा घाटात बंद पडला. नाटक लावणारा माझा वर्गमित्र. दुपारी त्याचा फोन आला, "तुझ्याकडे पुठ्ठे आहेत ना? मला एक भिंत पाहिजे. दार असलेली."

मी चार कामगार आणि सगळ्यात जाड पुठ्ठ्याचे मोठाले ताव घेऊन थिएटरवर गेलो. संध्याकाळपर्यंत भिंत उभी केली, पिवळा रंग दिला, दार बसवलं. दार उघडलं की सगळी भिंत हलायची, पण त्याला आता इलाज नव्हता. दुसऱ्या अंकात नायक रागानं निघून गेला आणि त्यानं दार असं आपटलं की भिंत पुढे झुकायला लागली. रंगमंचावर ती एकटी होती. बोलता बोलता ती मागे सरकली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पुढचा सगळा प्रवेश तिनं तसाच केला, भिंत पाठीवर पेलून. लोकांना वाटलं असणार, दुःखानं खचून टेकलीय बिचारी. मी विंगेत उभा राहून घामानं निथळत होतो.

प्रयोग संपल्यावर ती सरळ माझ्यासमोर आली आणि वळून पाठ दाखवली. ब्लाउजवर, पदरावर सगळा ओला पिवळा रंग.

"ही तुमची भिंत," म्हणाली. "अर्धी मी मुंबईला घेऊन चाललेय."

वर्षभरात आमचं लग्न झालं. मी तेहतीस वर्षांचा, ती अठ्ठावीसची. तेव्हा तिला कोणी ओळखत नव्हतं. महिन्यात दहा-बारा प्रयोग असायचे, बाकीचे दिवस ती नाशिकला असायची. वडील लग्नाआधीच गेले होते, त्यामुळे गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये मी, आई आणि ती. आई मूळची कळवणची. शहरात तीस-पस्तीस वर्षं काढूनही तिचं बोलणं जराही बदललं नव्हतं. ते बोलणं हिनं पंधरा दिवसांत उचललं. स्वयंपाकघरातून दोघींचं बोलणं ऐकू यायचं तेव्हा कुठली आई आणि कुठली ही, मला पटकन कळायचं नाही. आईला वाटायचं ही आपली नक्कल करते. पहिले काही दिवस ती फुगून बसली. मग तिच्या लक्षात आलं, की नक्कल करणारी माणसं इतकं लक्ष देऊन ऐकत नाहीत.

तिसऱ्या वर्षी तिला एक मालिका मिळाली, आणि सहा महिन्यांत महाराष्ट्रातल्या घराघरात तिचा चेहरा गेला. आम्ही लग्नाकार्याला गेलो की तिच्याभोवती घोळका व्हायचा आणि त्यातलं कोणीतरी आपला मोबाइल माझ्या हातात द्यायचं. "जरा काढता का?" मी काढायचो. एकदा एका बाईंनी मला थोडं बाजूला सरकायला सांगितलं, कारण माझी सावली हिच्या तोंडावर पडत होती. मी सरकलो. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "तू चिडलास का?" मी म्हटलं, "छे." मी खरंच चिडलो नव्हतो. मला काय झालं होतं ते मला सांगता येत नव्हतं, आणि जे सांगता येत नाही ते नसतंच, असं मानून मी गप्प बसायचो.

पुढे तिनं गोरेगावला भाड्यानं जागा घेतली. शनिवारी यायची, सोमवारी पहाटे जायची. माझा सीझन जानेवारी ते एप्रिल. त्या चार महिन्यांत मशिन एक दिवस बंद पडलं तर पिंपळगाव, दिंडोरीकडे द्राक्षं वेलीवर थांबतात. त्यामुळे ती यायची तेव्हा मी कारखान्यात असायचो, आणि घरी यायचो तेव्हा ती झोपलेली असायची. सुरुवातीला ती सगळं सांगायची, सेटवर काय झालं, कोण काय म्हणालं. मी मान हलवायचो. हळूहळू सांगणं कमी झालं. तिला पहिलं मोठं पारितोषिक मिळालं तेव्हा तिनं सगळ्यात आधी मला फोन केला. मी मशिनसमोर उभा होतो, खळ घट्ट झाली होती आणि कागद चिकटत नव्हता. मी म्हटलं, "हो का? वा, छान." आणि फोन कानाला तसाच ठेवून ऑपरेटरला म्हटलं, "पाणी वाढव." पलीकडे तिनं ते ऐकलं. मग म्हणाली, "तुझं चालू दे." तिनं त्याबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही.

भांडणं म्हणावीत अशी झालीच नाहीत. सहाव्या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी ती दोन बॅगा भरून निघाली. निघणार हे मला आठवडाभर आधी सांगितलेलं होतं. तिच्या गाडीची वेळ दहाची होती. मी आठलाच कारखान्यात गेलो. मशिनं चालू होती, पण माझ्यावाचून अडेल असं काही काम नव्हतं. ऑफिसात बसून मी नमुन्याची खोकी दुमडत आणि उलगडत बसलो होतो. दुपारी घरी आलो तर आईनं ताट वाढलं, पण ती स्वतः जेवली नाही. आईनं मला एका शब्दानं काही विचारलं नाही, आणि मला वाटलं, ती माझ्या बाजूनं आहे.

कोर्टाचं सगळं शांतपणे पार पडलं. पेपरात एक चौकोन आला, तो माझ्या डेस्कवर कोणीतरी आणून ठेवला नाही हे कामगारांचे उपकार. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

अकरा वर्षांत ती मला रोज दिसत मात्र होती. सलूनमध्ये दाढी करायला बसलं की समोरच्या टीव्हीवर. नाशिकच्या द्वारका चौकात दागिन्यांच्या जाहिरातीत, सिग्नल सुटेपर्यंत. दवाखान्याच्या बाकावर पडलेल्या मासिकात. लोकांना वाटत असेल, एकदा सुटलेलं माणूस असं सारखं समोर आलं की त्रास होत असेल. पहिली दोन-तीन वर्षं झाला. मग सवय झाली. पण ती मोठी होत होती, थकत होती, चेहरा बदलत होता, आणि हे सगळं मी इतर लाखो लोकांबरोबर बघत होतो, त्यांच्याइतकंच.

आई तिची प्रत्येक मालिका बघायची. साडेसातला टीव्ही लागायचा. म्हणून मी घरी आठनंतर यायला लागलो. आमच्यात तसं काही ठरलेलं नव्हतं. आई आठला टीव्ही बंद करायची, मग मी बेल वाजवायचो.

तीन-चार वर्षांपूर्वी आई विसरायला लागली. आधी गॅस, मग नावं, मग वडील गेलेत हेच. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं. दिवसभरासाठी मी एक मावशी ठेवल्या, पेठ तालुक्यातल्या. शांत बाई. आईला न्हाऊ-माखू घालायच्या, भरवायच्या, आणि साडेसातला तिच्या शेजारी बसून मालिका बघायच्या. आईचं बाकी सगळं सुटत चाललं होतं, पण साडेसात सुटले नाहीत.

एक दिवस मी घरी आलो तर आईनं माझ्याकडे पाठ फिरवली. मावशी हळूच म्हणाल्या, "आज मालिकेत ताईंना घरातून काढलं."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. मालिकेत तिचा नवरा उद्योगपती होता. त्यानं भर पावसात तिला बंगल्याबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आईनं ते बघितलं आणि तेव्हापासून ती एकच विचारत होती.

"कुठं घालवली तिला?" आई भिंतीकडे बघत म्हणाली.

"कोणाला, आई?"

"कोणाला म्हणे! पोर पावसात उभी हाय. तू आत बसू राहिलास."

मी समजावलं. ते खोटं असतं, नाटक असतं, ती मुंबईला तिच्या घरी मजेत आहे. आईनं माझ्याकडे असं बघितलं की लहानपणी खोटं बोलताना पकडायची तेव्हाही कधी बघितलं नसेल. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मावशींच्या हातूनही दोन घासांवर जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी मावशींना टीव्हीच्या मागे मुंग्यांची रांग दिसली. वाकून बघितलं तर तिथे एक पोळी होती, आईच्या रुमालात बांधलेली. आदल्या दिवशीची अजून एक. आई स्वतः जेवत नव्हती आणि आपल्या ताटातली पोळी तिच्यासाठी ठेवत होती.

मी दोन्ही पोळ्या उचलल्या, तिथली जागा पुसली. मग बाल्कनीत जाऊन तिला फोन लावला. नंबर तोच असेल की नाही तेही माहीत नव्हतं. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. तासाभरानं फोन आला.

"बोल," ती म्हणाली. काल बोलून आज पुन्हा बोलावं तसं.

मी मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. "आई जेवत नाहीये," मी म्हटलं.

"काय झालं?"

"तुला घराबाहेर काढलं म्हणून."

"कोणी?"

"मी."

ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "सोमवारच्या एपिसोडमध्ये?"

"हो."

ती हसली. मीही हसलो. अकरा वर्षांनी आम्ही फोनच्या दोन टोकांना हसलो, आणि मग दोघांनाही ते कसं थांबवायचं ते कळेना. मी तिला आजाराचं सगळं सांगितलं, पोळीचंही.

"गुरुवारी मला सुट्टी आहे," ती म्हणाली. "मी येते. कोणाला सांगू नकोस."

गुरुवारी चारच्या सुमारास ती आली. स्वतः गाडी चालवत, तोंडाला मास्क, साधा सुती पंजाबी ड्रेस. दारात मास्क काढला तेव्हा मी जरा गोंधळलो. मालिकेत तिचे केस कमरेपर्यंत होते, तो टोप होता. तिचे खरे केस मानेपर्यंत कापलेले आणि पुढे चांगलेच पांढरे झालेले. डोळ्यांना चष्मा. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी तिला बरोबर ओळखलं, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्यांनी फोटो मागितला नाही. पुढेही कधी तो विषय काढला नाही. त्या बाईंचं मला फार वाटतं.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. ही तिच्यासमोर जाऊन खाली बसली, गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, मी आले."

आईनं तिच्याकडे नीट बघितलं. केसांकडे, चष्म्याकडे. मग अगदी परक्या माणसाशी बोलतात तशा सौजन्यानं विचारलं, "तू कोणाची गं बाई?"

मी पुढे होणार होतो. सांगणार होतो, आई, अगं हीच ती. तिनं मागे न बघता मला हातानं थांबवलं. मी तिचा चेहरा बाजूनं बघत होतो. त्यावर काय काय येऊन गेलं ते मला लिहिता येणार नाही. मग ती जराशी सैल बसली, मांडी घातली, ओढणी डोक्यावरून घेतली आणि म्हणाली, "मी कळवणची हाय. तुमच्या माहेरची. इकडं आलते, म्हटलं भेटून जावं."

आईचा चेहरा उजळला. "कळवणची? अगंबाई! बस ना मंग. चहा ठेव गं," तिनं आत हाक मारली. "माहेरचं माणूस आलंय."

मग त्या बोलत बसल्या. मी जेवणाच्या टेबलापाशी बसलो होतो, त्यांच्यापासून पाच-सहा पावलांवर, पण खोलीत मी नसल्यासारखाच होतो. ती त्याच बोलीत बोलत होती, आईकडून शिकलेल्या. गिरणा नदीचं, बाजाराचं, कुणाच्या तरी लग्नाचं. यातलं तिनं काहीच बघितलेलं नव्हतं. सगळं आईनंच तिला कधीतरी पोळ्या लाटताना सांगितलेलं होतं, आणि ती ते आता आईला परत सांगत होती. आई प्रत्येक गोष्टीला "हो ना, हो ना" म्हणत होती.

मग आई म्हणाली, "माझी सून नटी हाय."

"हो का?"

"लय मोठी. पण गेली ती."

"कामून गेली?"

आईनं माझ्या दिशेनं बघितलं. मी तिला कोण वाटलो कोण जाणे. ती हिच्याकडे झुकली आणि आवाज खाली केला, पण तिचा खाली केलेला आवाजही आता मोठाच असायचा.

"माझा पोरगा वाईट नाय. पण त्याचं तोंड नाय उघडत. बाप गेला तवा बी नाय उघडलं. ती बिचारी बोलायची, बोलायची, आणि हा नुसता ऐकू राहायचा. मी बघत व्हते ना. पोर वाळत चालली व्हती. मंग मीच तिला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"जा म्हटलं. इथं राहशील तर माझ्यासारखी व्हशील. मी बी अशीच ऱ्हायले ना, याच्या बापाजवळ. तू जा. मी त्याचं बघते." आईचे डोळे भरून आले. "मी सांगितलं म्हणून गेली गं ती. आणि आता बघ. रस्त्यावर आली. पावसात उभी हाय."

टेबलावर मिठाची बरणी होती, तिचं झाकण मी कितीतरी वेळ लावत होतो. अकरा वर्षं मला वाटत होतं की या घरात एक माणूस माझ्या बाजूनं आहे. तसं नव्हतं. आई माझ्याजवळ राहिली, ती सुनेला दिलेला शब्द पाळायला.

तिनं आईचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही बरं केलं," ती म्हणाली. "मी तिला बघितलं. परवाच."

"कुठं?"

"मुंबईला. पावसात नाय ती. घर हाय तिचं. चांगलं हाय. तुमची आठवण काढू राहिली व्हती."

"जेवू राहिली का?"

"जेवू राहिली. पोळी कोरडी व्हती, पण तुमच्या हातची म्हणून खाल्ली म्हणे."

आईनं डोळे पुसले. जरा वेळानं ती मावशींना म्हणाली, "मला भूक लागली गं." मावशींनी वरणभात कालवून आणला. वाटी हिनं घेतली आणि भरवला. आई शेवटच्या घासापर्यंत जेवली.

साडेसातला मावशींनी नेहमीप्रमाणे टीव्ही लावला आणि मग जीभ चावली. पण ती म्हणाली, "राहू द्या." त्या संध्याकाळी त्या तिघी आणि मागे मी, असे आम्ही मालिका बघत बसलो. पडद्यावर ती एका देवळाच्या ओट्यावर बसली होती, लांब केस मोकळे सोडून. आईनं बोट दाखवलं. "ही बघ. ही माझी सून." मग तिनं शेजारी बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. "हनुवटी तुझ्यासारखीच हाय तिची."

"माहेरची असंल," ती म्हणाली.

मी तिला सोडायला खाली गेलो. पार्किंगमध्ये दिवे लागले होते. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ कुत्र्याला फिरवून आणत होते, त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"काय सांगायचं होतं?"

"आईचं."

ती गाडीच्या किल्लीशी चाळा करत होती. "तुला आई एवढीच तर राहिली होती. तीही मी घेऊन जाऊ?"

मला तेव्हा खूप काही विचारायचं होतं. ती कशी आहे. तिच्या घरात अजून कोण आहे. खळ घट्ट झाली होती तो दिवस तिला आठवतो का. अकरा वर्षं मी हे प्रश्न मनात सांभाळले होते आणि ती समोर उभी होती, चार फुटांवर, थांबलेली. मला वाटतं ती खरोखर थांबली होती. मी म्हटलं, "घाटात धुकं असेल. सावकाश जा."

"हो," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

त्या दिवसानंतर आई पोळी लपवायची थांबली. तिचं साडेसातचं टीव्ही बघणंही हळूहळू सुटलं. आता तिला कळवणच्या बाईचं वेड लागलं. कधी येणार, परत आली का, म्हणून विचारायची. मी हे तिला फोनवर कळवलं आणि त्या रविवारी सकाळी अकराला तिचा फोन आला.

"आईला दे," ती म्हणाली.

मी फोन आईच्या कानाला लावला. पलीकडून, "मी कळवणची बोलू राहिली," असं ऐकू आलं आणि आई खुर्चीत सरसावून बसली.

त्यानंतर आठ महिने, दर रविवारी, अकरा वाजता फोन यायचा. ती "आईला दे" म्हणायची, मी "देतो" म्हणायचो. आमच्यात तेवढंच बोलणं. दोघी दहा-पंधरा मिनिटं बोलायच्या. शेवटी शेवटी आई काही बोलत नसे, नुसती ऐकायची, पण फोन काढून घेतला की हात पुढे करायची. मी त्या वेळेला बाल्कनीत जाऊन उभा राहायचो. तिथून शब्द कळत नसत, फक्त फोनमधला आवाज यायचा, वर-खाली होणारा. मी शनिवारपासूनच त्याची वाट बघायला लागलो होतो. दहाला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. हे मी मावशींच्याही लक्षात येऊ दिलं नाही, पण त्यांच्या लक्षात आलं असणार.

गेल्या फेब्रुवारीत आई गेली. सीझन भरात होता, दोन्ही मशिनं चालू होती. मावशींचा फोन आला तेव्हा मी लोडिंगवर उभा होतो. घरी पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. माणसं जमायला लागली. मी बेडरूमचं दार लावून तिला फोन केला. या खेपेला तिनं लगेच उचलला. रविवार नव्हता, त्यामुळे तिला कळलं असणार.

"गेली," मी म्हटलं.

तिनं विचारलं, "मी येऊ?"

"नको," मी म्हटलं.

मी तिला कारण दिलं. लोक गर्दी करतील, मोबाइल काढतील, आईला नीट नेता येणार नाही. ते खरंही होतं. पण त्यामागे दुसरं एक होतं. ती आली असती तर संध्याकाळी परत गेली असती, आणि त्या दिवशी या घरातून दोन माणसं गेलेली मला झेपली नसती. हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. "काळजी घे," ती म्हणाली. आमचं शेवटचं बोलणं तेच.

मावशी दुसरीकडे कामाला लागल्या. त्या अधूनमधून फोन करतात, जेवलात का विचारतात. मी हो म्हणतो. मालिका उन्हाळ्यात संपली. तिची आता नवीन काही चालू आहे असं ऐकलं, मी बघितलेली नाही.

आठवड्याचे सहा दिवस कारखान्यात निघून जातात. रविवार मोठा असतो. पहिले काही रविवार मी घरीच बसलो, अकरा वाजून गेले तरी शर्ट न बदलता. मग एका रविवारी गाडी काढली आणि उगीच वणीच्या, कळवणकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलो. दिंडोरीच्या पुढे एक चहाची टपरी आहे. एक बाई चालवते. सप्तशृंगीला जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात, माणसं उतरतात, चहा पितात, गलका करतात आणि निघून जातात. मी तासभर बसतो. मला तिथे कोणी ओळखत नाही. ती बाईही नाही.

गेल्या रविवारी गर्दी जरा ओसरली तेव्हा तिनं विचारलं, "साहेब, दर रविवारी येता. गडावर जाता का?"

"नाही," मी म्हटलं. "इथपर्यंतच येतो."

"एकटेच?"

"हो. आई होती. ती फेब्रुवारीत गेली." आणि मग, मला न विचारताच, माझ्या तोंडून पुढचं बाहेर पडलं. "तिच्याआधी बायको होती. तिला मी कधी काही विचारलं नाही."

बाईनं माझ्याकडे बघितलं. तिनं माझा रिकामा कप उचलला, फडक्यानं बाकडं पुसलं, ऊन माझ्या अंगावर आलं होतं म्हणून मला जरा उठवून बाकडं ओढून छपराखाली घेतलं, आणि नवीन चहा ठेवला.